पावसाळा लागला की वडील मिटून जातात: हा हवेचा परिणाम, वयाचा की आजाराचा?

पागोळी (ठाणे, घोडबंदर रस्ता)

सर्वांना नमस्कार.

माझ्या वडिलांचे वय ७८ आहे. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यापासून गेली वीस वर्षे त्यांचा दिनक्रम ठरलेला होता. पहाटे साडेपाचला उठायचे, चहा घेऊन तलावपाळीला तीन फेऱ्या मारायच्या, कौपिनेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि येताना पूजेची फुले व थोडी भाजी घेऊन आठच्या आत घरी परतायचे. जून उजाडला की हा क्रम मोडायचा आणि त्याबरोबर त्यांचा स्वभावही बदलायचा, हे आम्हा भावंडांना अंधुकपणे ठाऊक होते. पण आई होती तोवर त्याची झळ आमच्यापर्यंत पोहोचली नाही. आई २०२१ साली भाद्रपदात गेली. नौपाड्यातील आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे यंदा एप्रिलपासून वडील माझ्याकडे, सतराव्या मजल्यावरच्या घरात राहायला आले आहेत.

एप्रिल आणि मे बरे गेले. उकाड्याने ते हैराण होत, तरी संध्याकाळी खाली संकुलाच्या बागेत जाऊन बसत आणि चार माणसांशी बोलत. जूनच्या अखेरीस एका सकाळी चालताना त्यांना सरीने गाठले आणि त्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट भिजले. मी त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते गॅलरीत वाळत ठेवले. परवा, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, गॅलरी आवरताना ते बूट हाती लागले. आतला बोळा काढून उलगडला, तर त्यावर २३ जूनची तारीख होती. सात आठवडे त्या बुटांत पाय गेला नव्हता, आणि एका घरात राहून हे माझ्या लक्षात आले नव्हते.

आता ते दिवसभर बैठकीच्या खोलीतील खुर्चीत बसून असतात. दुपारी दोन-अडीच तास झोपतात आणि पहाटे तीनपासून जागे राहतात. जेवण दीड पोळीवरून अर्ध्या पोळीवर आले आहे. वर्तमानपत्राचे मथळे पाहून ते घडी घालून ठेवतात. आत्याचा फोन आला तरी ‘नंतर बोलतो म्हणून सांग’ असे म्हणतात. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे दोनदा विसरले. गुडघे ठणकतात, अशी तक्रार मात्र रोज असते. चिडचिड नाही, रडणे नाही. विचारले तर एकच उत्तर मिळते: ‘काही नाही गं, हवाच अशी आहे.’

माझा भाऊ म्हणतो की हे दरवर्षीचेच आहे आणि पाऊस ओसरला की बाबा आपोआप ठीक होतील. मला तसे वाटत नाही, पण माझ्याजवळ ठोस कारणही नाही. हवामानाचा वृद्धांच्या मनावर खरोखर इतका परिणाम होतो का, की ‘हवा’ हे उत्तर सर्वांनाच सोयीचे असते? नवरात्रापर्यंत वाट पाहावी, की आताच डॉक्टरांकडे न्यावे? ज्यांनी हे घरात अनुभवले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

वृद्धवैद्यक (वाशी)

ताई, आपल्या बंधूंचे निरीक्षण चुकीचे नसेल, परंतु त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. मी प्रामुख्याने साठीपुढचे रुग्ण तपासतो आणि ‘दरवर्षीचेच आहे’ या समजुतीमुळे फार उशिरा आलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

आधी हवेविषयी लिहितो, कारण वडील जे म्हणतात ते निराधार नाही. ऋतूबरोबर येणाऱ्या आणि ऋतूबरोबर जाणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केले. ते मुख्यतः उत्तरेकडील देशांच्या हिवाळ्याचे आहे, जिथे डिसेंबरातला दिवस आठ तासांचा किंवा त्याहूनही लहान असतो. ठाणे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. इथला सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. त्यामुळे ते वर्णन उचलून जसेच्या तसे इथे लावता येत नाही. आपल्याकडे मात्र वेगळाच प्रकार घडतो. वर्षातले सर्वांत मोठे दिवस जून-जुलैत येतात आणि नेमके तेच ढगांखाली जातात. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून आणि माघारी जाण्याची ८ ऑक्टोबर धरली जाते, म्हणजे वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण या आभाळाखाली काढतो.

प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. भर उन्हात ती एक लाख लक्सच्या घरात जाते, दाट ढगांच्या दिवशी बाहेर एक-दोन हजारांपर्यंत उतरते, आणि घरात ट्यूबलाइटखाली ती बहुधा शंभर ते तीनशेच असते. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात, ज्यांचे मुख्य काम वस्तू दाखवण्याचे नसून दिवस उजाडल्याची वर्दी मेंदूतील घड्याळाला देण्याचे असते. वय वाढते तशी बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या पडद्यापर्यंत साधारण एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यात मोतीबिंदू असेल, तर आणखी कमी. आता आपले वडील गॅलरीपासून दूर, खोलीच्या आत, ढगाळ दिवशी खुर्चीत बसलेले आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्यांच्या शरीराच्या लेखी सकाळ झालेलीच नसते. दुपारची लांबलेली झोप आणि रात्रीचे जागरण यांची सांगड याच्याशी बऱ्याच अंशी बसते.

गुडघ्यांविषयीही त्यांना खोटे पाडू नका. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली अडीच हजारांहून अधिक लोकांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दमट हवा, कमी वायुदाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी जुनाट दुखणे थोडे वाढलेले आढळले. ‘थोडे’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हवा दुखण्यात भर घालते, पण माणसाला सात आठवडे खुर्चीला खिळवून ठेवत नाही.

म्हणूनच आता दुसरी बाजू. पहाटे फार लवकर जाग येणे, भूक मंदावणे, वाचनातला आणि माणसांतला रस आटणे, विसराळूपणा वाढणे ही सर्व नैराश्याचीही लक्षणे आहेत. म्हातारपणीचे नैराश्य ‘मला वाईट वाटते’ या शब्दांत क्वचितच बाहेर येते. ते गुडघ्याच्या, पोटाच्या आणि थकव्याच्या भाषेत बोलते. अशी लक्षणे दिवसाचा बहुतेक वेळ आणि सलग दोन आठवडे राहिली, तर ऋतू कोणताही असो, तपासणी व्हायलाच हवी. आपल्याकडे सात आठवडे झाले आहेत, तेव्हा नवरात्राची वाट कृपया पाहू नका. डॉक्टर त्यांना पंधरा हो-नाही प्रश्नांची एक साधी चाचणी विचारतील. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम आणि साखर तपासून घ्या. डोळे आणि कान दाखवा, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून बरोबर न्या. नुसत्या आठवणीवर विसंबू नका.

तोवर घरात करण्यासारखी एक गोष्ट आहे. त्यांची खुर्ची सकाळी सात ते नऊच्या दरम्यान अर्धा-पाऊण तास गॅलरीत, छपराखाली ठेवा आणि चहा तिथेच द्या. ढगाळ आकाशाचा उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. दहा हजार लक्सचे उपचाराचे दिवे ऑनलाइन मिळतात, परंतु डोळ्यांचा विकार असलेल्या माणसासाठी ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय विकत घेऊ नयेत.

‘आता जगून काय करायचे’ अशा अर्थाचे त्यांनी काही सहज म्हणून जरी उच्चारले, तरी त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या एल्डर लाइनचा १४५६७ आहे.

सानपाडा_एक

डॉक्टरसाहेबांनी सर्व नीट लिहिले आहे, पण मूळ प्रश्नात एक गोष्ट ओझरती येऊन गेली आहे, तिकडे लक्ष वेधतो. वडील एप्रिलमध्ये घर सोडून आले. नौपाडा सुटला, तलावपाळी सुटली, रोजचा फुलवाला सुटला. उन्हाळ्यात ते खाली उतरत होते म्हणून हे झाकून राहिले आणि पावसाने ते उघडे केले, असे तर नसेल? मागच्या पावसाळ्यांत ते किती दिवस असे राहत होते, याची काही नोंद किंवा आठवण आहे का?

सकाळचा_फेरफटका (ठाणे, चरई)

पागोळीताई, मी वयाने तुमच्या वडिलांच्या बाजूचा आहे. येत्या मार्गशीर्षात ८१ पूर्ण करीन. म्हणून आतल्या बाजूने काय दिसते, ते लिहितो.

पावसाने मन खिन्न होते, असे लोक म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. पावसाळ्यात मला जे होते, त्याचे पहिले नाव भीती आहे. आमच्या फेरीतले एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वी श्रावणात शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचे हाड मोडून चार महिने अंथरुणाला खिळले. ते परत कधी तलावावर आले नाहीत. तेव्हापासून लिफ्टच्या दारात ओल्या छत्र्यांचे पाणी साचलेले दिसले, तरी माझा पाय अडखळतो. घरातली मंडळी समजतात की मला कंटाळा आला आहे. खरे पाहता मी उंबऱ्याशी उभा राहून रोज हिशेब करतो की, आज बाहेर पडून मिळेल काय आणि घसरलो तर जाईल काय, आणि पावसाळ्यात हा हिशेब बहुतेक वेळा खुर्चीच्याच बाजूने लागतो. असे आठ-दहा दिवस गेले की पायांची ताकद उतरते, मग भीती वाढते, आणि नंतर हिशेब करण्याचीही गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट कानांची. मी श्रवणयंत्र वापरतो. दमट हवेत ते खरखरते आणि मुसळधार पाऊस सुरू झाला की त्यातून फक्त पाऊसच ऐकू येतो, म्हणून मी ते काढून ठेवतो. मग जेवणाच्या टेबलावर सगळे हसले की मी हसतो, आणि आत्याबाईंसारखा कोणाचा फोन आला की ‘नंतर बोलतो’ म्हणतो. तुमचे वडील फोन टाळतात, हे वाचून मला प्रथम हेच वाटले. त्यांना ऐकू कसे येते, ते अवश्य पाहा. यंत्र असेल तर रात्री सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. माझा त्रास त्याने निम्म्यावर आला.

सतराव्या मजल्याबद्दलही एक सांगावेसे वाटते. मी महिनाभर मुलाकडे अशाच उंच इमारतीत राहिलो होतो. तिथून पाऊस दिसतो, पण ऐकू येत नाही. आमच्या चरईच्या घरात पाऊस पत्र्यावर वाजतो, पागोळ्या खालच्या बादलीत पडतात, समोरचा दुकानदार ताडपत्री ओढतो, पाणी साचले की दहा माणसे दारात येऊन बोलतात. पाऊस हा तिथे शेजार असतो. वरच्या मजल्यावर काचेपलीकडे पांढरे पटल उभे राहते आणि डोंगर, रस्ता, माणसे सगळे एकदम पुसले जाते. ज्याने सगळे आयुष्य नौपाड्यात काढले, त्याला हे पांढरेपण जड जाणार. सानपाड्याच्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न मला म्हणूनच योग्य वाटतो.

आयुर्वेद वार्धक्याला वाताचे वय मानतो आणि वर्षा ऋतूला वाताच्या प्रकोपाचा ऋतू मानतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय ऋतुचर्येवरच आहे. भूक मंदावणे, झोप उडणे, सांधे धरणे हे सारे आमच्या आजीला ठाऊक होते आणि आषाढ लागला की ती आजोबांना सुंठ घातलेले गरम पाणी द्यायची व अंगाला तेल चोळायला लावायची. त्या तेलाने किती फरक पडत होता, ते मी सांगू शकत नाही. पण रोज अर्धा तास कोणी तरी त्यांच्यापाशी बसत होते, हे मला नीट आठवते.

आता एक नाजूक गोष्ट. तुमच्या मातोश्री भाद्रपदात गेल्या, असे तुम्ही लिहिले आहे. माझी पत्नीही पावसाळ्यातच गेली. तिथी लांब असते, पण त्याआधीच हवेत तो वास येतो. भिजलेल्या कपड्यांचा, बुरशीचा, रुग्णालयाच्या ओल्या व्हरांड्याचा. मनाला कळण्याआधी अंगाला कळते की तो महिना आला. पुढे पितृपक्ष येतो आणि सगळे घर त्याच विषयाभोवती फिरू लागते. तुम्ही वडिलांशी आईबद्दल बोलता का? बहुतेक घरांत, त्यांना त्रास नको म्हणून, तो विषय टाळतात. माझ्या मुलांनीही टाळला. एकदा सुनेने सहज विचारले की आई पावसाळ्यात कोणती भाजी आवडीने करीत असत, आणि मी तासभर बोलत राहिलो. टाकळ्याची भाजी होती.

मानसोपचारतज्ज्ञांविषयी. आपल्या ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य आमच्या पिढीने शाळेच्या बाकापासून ऐकलेले आहे आणि ठाणेकरांना ते अधिक लागते. त्यामुळे बैठकीत सर्वांसमोर ‘बाबांना मानसोपचाराची गरज आहे’ असे कोणी म्हणाले, तर ते कायमचे मिटतील. झोप आणि भूक यांसाठी डॉक्टरांकडे जाऊ या, असे म्हणा. ते खोटेही नाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी असाच गेलो, आठ महिने गोळ्या घेतल्या, आणि मला त्याची आता लाज वाटत नाही.

पाऊस असला की आम्ही चार-पाच जण तलावाच्या फेऱ्या सोडून कौपिनेश्वराच्या मंडपात बसतो. विशेष काही करीत नाही. वर्तमानपत्र वाचतो, कोणी आले नाही तर त्याला फोन करतो.

नेरुळकर_सून

आमच्याकडे हे सर्व उलट्या ऋतूत घडले, म्हणून लिहिणे कर्तव्य समजते.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. हिवाळा हा त्यांचा आनंदाचा काळ असतो. नेरुळच्या पाणथळ जागी रोहित पक्षी आले की त्या नातवाला घेऊन जातात आणि आल्यावर किती दिसले याची चर्चा संध्याकाळपर्यंत चालते. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी त्या हळूहळू मंद झाल्या. बोलणे कमी झाले, जेवताना घास हातात धरून बसू लागल्या, दुपारी हाक मारली तर ‘हो’ म्हणून पुन्हा डोळे मिटू लागल्या. त्याच सुमारास माझी नणंद मुलांसह परदेशी परतली होती, त्यामुळे लेक गेली म्हणून त्या उदास आहेत, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो. जवळच्या एका दवाखान्यात दाखवले, तर ‘उकाडा आहे, वयही झाले आहे, भरपूर पाणी पाजा’ असा सल्ला मिळाला. आम्ही तो मनापासून पाळला. मी स्वतः दर तासाला पाण्याचा पेला त्यांच्या हातात देत होते.

पाचव्या दिवशी त्यांनी मला माझ्या जाऊबाईंच्या नावाने हाक मारली आणि स्वयंपाकघराकडे जायचा रस्ता शोधू लागल्या. रुग्णालयात नेल्यावर रक्तातील सोडियम फार खाली गेल्याचे निघाले. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती, घामावाटे मीठ जात होते, रक्तदाब म्हणून जेवणातले मीठ आम्ही आधीच कमी केले होते, आणि त्यावर मी साधे पाणी पाजत होते. चार दिवसांच्या उपचारांनंतर त्या ताळ्यावर आल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी नातवाच्या परीक्षेचा विचारला. पाणी मी दिले होते, आणि ते प्रेमाने दिले होते, हे मला अजून विसरता येत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा विदर्भासारखा चढत नाही, म्हणून आपण तो सौम्य समजतो. पण खाडीच्या दमटपणामुळे घाम वाळत नाही, रात्रही थंड होत नाही, आणि वृद्धांना तहान मुळातच कमी लागते. खारघरला एप्रिल २०२३ मध्ये उन्हात बसलेल्या लोकांचे उष्माघाताने मृत्यू झाले, तेव्हा नवी मुंबईने हे पाहिलेले आहे. आता मार्च उजाडताच आम्ही सासूबाईंच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारून घेतो आणि सोडियम तपासतो.

पागोळीताई, वडिलांना रक्तदाबाची गोळी आहे, असे आपण लिहिले आहे. ती कोणती आहे, ते पाकिटावर पाहून डॉक्टरांना सांगा. मनाची उदासी समजून आपण ज्याच्याभोवती हळुवारपणे वावरत असतो, ते कधी कधी रक्तातले मीठ असते.

वृद्धवैद्यक (वाशी)

नेरुळच्या ताईंनी लिहिलेला अनुभव अतिशय महत्त्वाचा आहे. त्यात एकच भर घालतो. नैराश्यावरील काही नेहमीच्या गोळ्यांमुळेही वृद्धांचे सोडियम उतरू शकते. त्यामुळे तशी गोळी सुरू झाली, तर पहिल्या काही आठवड्यांत सोडियम पुन्हा तपासून घ्यावे आणि रक्तदाबाच्या गोळीची माहिती दोन्ही डॉक्टरांना असावी.

पागोळी (ठाणे, घोडबंदर रस्ता)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. दहा दिवसांत जे घडले, ते सांगते.

सानपाड्याच्या सदस्यांनी नोंद आहे का, असे विचारले होते. नोंद होती. वडील गेली कित्येक वर्षे जमाखर्चाची वही लिहितात आणि रोजच्या खर्चाखाली एखादी ओळ हवेची किंवा भेटीगाठीची असते. त्यांच्या परवानगीने मी जुन्या वह्या काढल्या. २०१९ च्या जुलैत ‘पाऊस. घरीच.’ अशी ओळ सलग अकरा दिवस आहे आणि बाराव्या दिवशी ‘उघडीप. तलावावर गेलो. फुले, कोथिंबीर.’ असे लिहिले आहे. पुढच्या वर्षांतही दर पावसाळ्यात असे खंड पडलेले दिसतात. आई गेल्यानंतरच्या वर्षी ते वाढले, पण महिन्याच्या पुढे एकही गेलेला नाही. यंदाच्या वहीत २३ जूननंतर हवेची ओळ नाही आणि जुलैपासून खर्चही लिहिलेला नाही. भावाला मी ही पाने शेजारी शेजारी ठेवून दाखवली. त्यानंतर तो ‘दरवर्षीचेच’ म्हणाला नाही, आणि तपासणीला स्वतः बरोबर आला.

सोडियम ठीक आहे. बी-१२ कमी निघाले असून इंजेक्शने सुरू झाली आहेत. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला आहे. वर्तमानपत्राचे फक्त मथळे का वाचले जात होते, याचा अर्धा उलगडा तिथे झाला. पंधरा प्रश्नांच्या चाचणीत गुण नैराश्याकडे झुकणारे आले, आणि डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आहे. पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. झोपेसाठी जात आहोत, असेच आम्ही म्हटले, आणि त्यांनी विरोध केला नाही.

खुर्ची आता सकाळी गॅलरीत असते. पहिले तीन दिवस ते पाच मिनिटांत आत आले. चौथ्या दिवशी मी तिथेच बसून मटार सोलत होते, तेव्हा आईला पावसाळ्यात काय आवडायचे, ते विचारले. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, ‘तिला काही आवडायचे नाही. कपडे वाळत नाहीत म्हणून सारखी वैतागायची.’ आणि पुढे, नौपाड्याच्या घरात दोरी कुठून कुठे बांधलेली असायची, ते हाताने दाखवू लागले.

चरईच्या काकांचा मजकूर काल रात्री मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना त्यांनी मान वर केली नाही. खुब्याच्या प्रसंगाशी आल्यावर ‘हं’ एवढेच म्हणाले. सगळे वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, ‘हे गृहस्थ मंडपात किती वाजता येतात?’

काका, मला वेळ ठाऊक नाही. कृपया कळवाल का?

सकाळचा_फेरफटका (ठाणे, चरई)

साडेसात वाजता. पाऊस कोसळत असेल तर आठपर्यंत थांबतो. घोडबंदरहून यायचे म्हणजे त्या वेळेला रस्ता कसा असतो, ते मी जाणतो, तेव्हा उशीर झाला तरी हरकत नाही; एक जण बसून राहील. मंडपाची फरशी ओली असते, म्हणून आत येताना त्यांचा हात धरा, आणि बूट बाहेर काढताना बसायला स्टूल आहे.